शेजारी-शेजारी

"आजोबा, तुमच्या संगणकावर शीळफाटा झालाय!"

नात खुर्चीच्या पाठीवर हात टेकून हसत होती. मलाही हसू आलं, कारण उपमा अगदी चपखल होती. आमच्या गॅलरीतून फाटा दिसतो. मुंब्र्याकडून येणारी, पनवेलला निघालेली, कल्याणहून आलेली आणि महापेकडे वळणारी सगळी वाहनं इथे एकमेकांच्या अंगावर येतात. कंटेनरच्या आड टेंपो, टेंपोच्या आड रिक्षा आणि रिक्षाच्या आड कधीकधी रुग्णवाहिका. ती ऐकू येते, पण दिसत नाही. घरी यायला उशीर झाला तर आमच्याकडे कारण विचारायची पद्धत नाही. फाटा म्हटलं की झालं.

तर माझ्या पडद्यावर त्या दिवशी अकरा खिडक्या उघड्या होत्या. मोजल्या तिनेच. वर्तमानपत्र, टपालपेटी, बँकेचं पान, अर्धवट टंकलेला एक लेख, दोन ठिकाणी उघडलेलं तेच रेल्वेचं वेळापत्रक, आणि पुतण्याने पाठवलेले जमिनीचे कागद. सगळं एकावर एक. मला हवी ती खिडकी नेहमी सर्वांत तळाशी असायची आणि तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मी तिथे कशासाठी निघालो होतो हेच विसरायचो. मग नव्याने उघडायचो. वेळापत्रक दोनदा उघडलेलं होतं ते त्यामुळेच.

खरं म्हणजे मला हे येत नव्हतं असं नाही, येत होतं ते विसरलो होतो. २००५ साली, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना, आम्ही मास्तर मंडळी एमएस-सीआयटीच्या वर्गात बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर उभं केलेली माणसं, आणि शिकवायला बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी. तिच्यासमोर आमचे हात माऊसवर थरथरायचे. तिने एक दिवस खिडक्या मांडायला शिकवल्या. तेव्हाच्या विंडोज एक्सपीमध्ये खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी उजवी कळ दाबली की पर्याय यायचे: कॅस्केड, टाइल हॉरिझॉन्टली, टाइल व्हर्टिकली. मी वहीत अर्थ लिहून घेतले होते. ती वही अजून आहे. कॅस्केड: जिन्याच्या पायऱ्या, प्रत्येकीचं फक्त कपाळ दिसतं. टाइल हॉरिझॉन्टली: शेल्फाचे कप्पे. टाइल व्हर्टिकली: कपाटाची दारं. परीक्षेत हा प्रश्न आला आणि मला त्याचा गुणही मिळाला. नंतर वीस वर्षांत एकदाही मी ते वापरलं नाही. एक खिडकी पडदाभर उघडायची, काम झालं की दुसरी तिच्यावर उघडायची, हीच माझी पद्धत. आताच्या विंडोज ११ मध्ये पट्टीवरची ती उजवी कळ दाबून पाहिली तर ते पर्याय तिथे राहिलेच नाहीत. वहीतलं ज्ञान असं निवृत्त होतं.

कुतूहल म्हणून थोडं वाचून काढलं. गंमत वाटली, कारण खिडक्या कशा मांडाव्यात यावर संगणकाच्या जगातही बराच खल झालेला आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माऊस लोकांना पहिल्यांदा चालवून दाखवला. पडद्याचे भाग पाडून त्यांत वेगवेगळं काही दाखवता येतं, हेही त्याच प्रयोगात होतं. पुढे सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या केल्या. कल्पना टेबलावरच्या कागदांची. पडदा लहान, कागद पुष्कळ, तेव्हा एकावर एक ठेवा आणि हवा तो वर काढा. १९८५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं पहिलं विंडोज आलं, त्यात मात्र खिडक्या एकमेकींवर चढतच नसत. फरशा बसवल्यासारख्या शेजारी-शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. मग मागे गेलेल्या खिडक्या सापडेनात. १९९५ साली खालची पट्टी आली ती उघड्या खिडक्यांची नावं सतत डोळ्यांसमोर ठेवायला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडकी ओढून पडद्याच्या कडेला टेकवली की ती आपोआप अर्ध्या पडद्यात बसू लागली. म्हणजे फिरून शेजारी-शेजारीच! आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर वरच्या चौकटीच्या खुणेवर बाण नुसता नेऊन ठेवला की मांडणीचे नकाशे समोर येतात: दोन भाग, तीन भाग, चार भाग. निवडा आणि बसवा.

हे वाचताना मला माझी पहिली शाळा आठवली. १९७१ साली वीस वर्षांचा असताना माझी पहिली नेमणूक झाली ती मुरबाड तालुक्यात, आमच्या शेजारच्याच गावी. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. चार इयत्ता, दोन गुरुजी, दोन खोल्या. माझ्या खोलीत पहिली आणि तिसरी, दुसऱ्या गुरुजींकडे दुसरी आणि चौथी. बी.ए. मी नंतर नोकरी करता करता बाहेरून दिली, पण शिकवणं म्हणजे काय ते त्या खोलीत शिकलो. दोन इयत्तांना एकाच वेळी शिकवता येत नाही. एकीला शिकवायचं तेव्हा दुसरीला काम लावायचं: शुद्धलेखन, पाढे, मौन वाचन. बसवायचं कसं, हाच मोठा प्रश्न. मुलांना एकमेकांच्या पाठीमागे बसवलं तर मागची इयत्ता दिसेनाशी होते. गुरुजींच्या दृष्टीने जी इयत्ता दिसत नाही ती गप्प आहे म्हणजे सुरळीत आहे. तपासणीच्या दिवशी कळतं की मौन वाचनात महिनाभर कोणी पानच उलटलेलं नव्हतं. मी मग दोन्ही वर्ग शेजारी-शेजारी बसवले, मध्ये हातभर वाट ठेवून. शिकवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दुसरा वर्ग दिसत राहायचा.

त्या खोलीतल्या पहिलीत माझी धाकटी बहीण होती. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. सकाळी तिचं बोट धरून मी शेताच्या बांधावरून शाळेत जायचो. अक्षरओळख तिला मीच करून दिली. शाळेत "गुरुजी" म्हणायचं आणि घरी "दादा", हे तिने पहिल्याच दिवशी न सांगता ओळखलं होतं. तिच्याबद्दल पुढे लिहायचं आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

तर आता त्या जमिनीच्या कागदांकडे येतो.

मुरबाडकडे आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. चार भातखाचरं आणि एक वरकस तुकडा. थोरले बंधू होते तोवर ते करायचे. ते गेल्यावर पुतण्या बघतो. यंदा चांगलं गिऱ्हाईक आलंय. विकायचं ठरलं. पुतण्याने जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मास्तर. जुना आणि आत्ताचा ऑनलाइन सातबारा एकदा ताडून बघा. काही राहिलंय का ते तुमच्या लक्षात येईल."

मी ताडून बघितलं. म्हणजे कसं? जुना उघडला, गट नंबर बघितला, लक्षात ठेवला. मग त्याच्यावर नवा उघडला, गट नंबर जुळला. परत जुना वर आणला, हेक्टर-आर बघितले. परत नवा. आकार बघितला, जुळला. तासभर ही वरखाली चालली होती. शेवटी पुतण्याला कळवलं, "सगळं बरोबर आहे."

दोन दिवसांनी नात शीळफाटा सोडवायला आली. तिने पहिल्यांदा नको त्या सात खिडक्या फुली दाबून बंद केल्या. मग म्हणाली, "आता दोन शेजारी ठेवून दाखवते. कुठल्या ठेवू?" समोर हेच दोन कागद होते. "ठेव हेच," मी म्हणालो.

तिने कळफलकावरची विंडोजची कळ धरून डावा बाण दाबला. जुना सातबारा डाव्या अर्ध्या पडद्यात जाऊन बसला आणि उजव्या अर्ध्या भागात बाकीच्या खिडक्या छोट्या-छोट्या होऊन उभ्या राहिल्या, कोणाला घ्यायचं ते विचारायला. तिने नव्या सातबाऱ्यावर टिचकी मारली. तो उजवीकडे बसला. अर्ध्या पडद्यात अक्षरं बारीक झाली म्हणून तिने कंट्रोल धरून अधिकची कळ दाबली आणि दोन्हीकडची अक्षरं माझ्या चष्म्याला झेपतील एवढी केली. एवढंच. पाच सेकंदांचं काम.

आणि तासभर वरखाली करून मला जे दिसलं नव्हतं ते दिसलं. तिला आधी दिसलं.

"आजोबा, इकडे चार नावं आहेत आणि तिकडे दोनच."

डावीकडे वडील गेल्यानंतर लागलेली वारसांची नावं होती. थोरले बंधू, मी, आई आणि धाकटी. शेवटची दोन नावं कंसात. उजवीकडे पुतण्या आणि मी.

"मोठे आजोबा गेले म्हणून काकाचं नाव आलं, बरोबर? मग ही दोन नावं कंसात का?"

"सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं की त्याला कंस करायची जुनी पद्धत आहे. ही माझी आई. ती १९९९ साली गेली."

"आणि ही आत्याआजी ना? ती तर आहे की! परवाच फोन आला होता तिचा."

मी गप्प बसलो. ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना मला, कंचेभागुबेव. कंस आधी सोडवायचा."

ती सहज बोलली. सहावीत तिला पदावली सोडवताना मी ते घोकून घेतलं होतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मी "बघू नंतर" म्हणालो आणि डावीकडच्या खिडकीवरचं उण्याचं चिन्ह दाबलं. खिडकी सर्रकन खाली पट्टीत गेली. नात तिच्या अभ्यासाला निघून गेली.

वाचकहो, उणे दाबलं म्हणजे खिडकी बंद होत नाही. बंद होते ती फुलीने. उण्याने ती फक्त नजरेआड जाते, पट्टीवर तिचं नाव तसंच राहतं. एकतीस वर्षं मी हेच करत होतो.

१९९४ चा मे महिना. धाकटी लेकराला घेऊन सुट्टीत माहेरी आली होती. तिचं सासर सिन्नरकडे. थोरले बंधू म्हणाले, विहिरीसाठी कर्ज काढायचं आहे, सातबाऱ्यावर जास्त नावं नकोत, हिला हक्कसोड करायला सांग. मी तिला सांगितलं, "कागद सरळ करायचे आहेत, एक सही लागेल." एवढंच वाक्य. हक्कसोडपत्र हा शब्द मी तिच्यासमोर उच्चारला नाही. तालुक्याला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत मीच घेऊन गेलो. तिने सही केली. येताना मी तिला बाजारात साडी घेऊन दिली, हिरवी, काठाची. तिने ती भाऊबिजेला नेसली होती. फसवलं असं मी स्वतःला कधीच म्हटलं नाही. बहिणी सही करतातच, आमच्या सगळ्या गावात तसंच होतं, तिला काय कमी आहे, अशी वाक्यं एकावर एक ठेवत गेलो. तळाचं दिसेनासं झालं.

त्या रात्री झोप लागली नाही. उठून परत संगणक लावला. पट्टीवरून जुना सातबारा वर काढला आणि नव्याच्या शेजारी बसवला. मग तिसरी खिडकी उघडली, कायद्याची. नातीने शिकवलं होतं तसं विंडोज आणि झेड दाबून नकाशा मागवला आणि पडद्याचे तीन भाग केले.

शाळेत सनावळ्या शिकवल्या, पण तारखा शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय त्या बोलत नाहीत. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला मुलाबरोबरीने वारसा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. म्हणूनच तिचं नाव आमच्याबरोबर लागलं होतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलासारखा हक्क देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती अमलात आली ती २२ जून १९९४ पासून. आम्ही सही घेतली त्याच्या पुढच्याच महिन्यात! आधी लग्न झालेल्या मुलींना ती दुरुस्ती लागू नव्हती, म्हणजे धाकटीला तसाही तिचा उपयोग नव्हता. लग्नाची ती अट ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीत राहिली नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेले व्यवहार त्या दुरुस्तीने मोडत नाहीत. आमचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं. मुद्रांक, सही, साक्षीदार, सगळं जिथल्या तिथे.

म्हणजे कायद्याने मी मोकळा. पहाटे तीन वाजता हे कळलं, आणि खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटायला सकाळ व्हावी लागली.

चार भागांच्या नकाशात चौथी जागा रिकामी होती. ती भरायला मला पाच दिवस लागले.

सहाव्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, व्हॉट्सॲपवरून संगणकावरच धाकटीला फोन लावला. चेहरा दिसेल असा. तिची खिडकी त्या कागदांच्या शेजारी बसवली. ती साठीची झाली आहे. मागे स्वयंपाकघर, पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी.

मी सरळ सांगितलं. जमीन विकतोय. १९९४ साली तुला मी नीट सांगितलं नव्हतं. तो कागद हक्कसोडपत्राचा होता.

ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. तू झेरॉक्स काढायला खाली गेला होतास ना, तेवढ्यात मी वाचला. दादा, वाचायला तूच शिकवलंस. राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने असं लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं."

"मग सही का केलीस?"

"नसती केली तर दिवाळीला कुठे आले असते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. एकतीस वर्षं ती दर भाऊबिजेला आली. ओवाळलं. मी ताटात पाकीट ठेवलं. ती वाचून आलेली होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्या खोलीतली मौन वाचन करणारी इयत्ता मला आठवली. गुरुजींना वाटतं, गप्प आहेत म्हणजे काही वाचलेलं नाही.

मी म्हणालो, "विक्रीचे पैसे येतील त्यातला तुझा वाटा तुला द्यायचा आहे."

मनात माझी एक अपेक्षा होती, तीही कबूल करतो. ती म्हणेल, नको रे दादा, मला काय करायचंय, तुझं प्रेम आहे तेच पुष्कळ. मग मी आग्रह करीन, ती नाहीच म्हणेल, आणि आम्ही दोघं डोळे पुसून मोकळे होऊ. आमच्या घराण्यात अशा गोष्टी अशाच मिटतात.

ती हात झटकून पडद्याकडे बघत म्हणाली, "दे. मी नको म्हणेन असं वाटलं होतं ना तुला? नाही म्हणणार. धाकट्या सुनेचं नाव घरावर लावायचं आहे, त्याला उपयोगी पडतील."

मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तो कागद मला पाठव. तेव्हा घाईत वाचला होता."

आता हिशेबाचं. आई गेली, तेव्हा वारस आम्ही तीन भावंडं. तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. कागदावर आज पुतण्याचं अर्धं आणि माझं अर्धं. माझ्या अर्ध्यातला तिसरा भाग, म्हणजे एकूण किमतीचा सहावा हिस्सा, मी धाकटीला देणार आहे. तसं लिहून माझ्या मुलाला वाचायला दिलं आहे. त्याची हरकत नाही. पुतण्यानेही त्याच्या अर्ध्यातला तिसरा भाग दिला तर दोन षष्ठांश मिळून तिचा एक तृतीयांश बरोबर पुरा होतो. चौथीतल्या मुलालाही हे गणित येईल. पुतण्याला मी फोनवर सांगितलं. तो "बघतो काका" म्हणाला. त्याला दोष देणार नाही. सही त्याने घेतली नव्हती, तो तेव्हा शाळेत होता. त्याच्या वडिलांनी घेतली आणि मी घेतली. त्यांना आता विचारता येत नाही, म्हणून मला विचार. हे तू इथे वाचतोसच, आपल्याकडची बाकीचीही वाचतात. घरातल्या घरात कुजबुज होण्यापेक्षा मी स्वतः लिहिलेलं बरं, म्हणून लिहिलं.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी थोडं उपयोगाचंही सांगून ठेवतो, नाहीतर लेख नुसता घरगुती होईल. अकरा खिडक्या उघड्या असण्यात काही वावगं नाही, पण एका वेळी पडद्यावर दोनच ठेवा, फार तर तीन. चार केल्या की अक्षरं बारीक होतात आणि आपण चष्म्याला दोष देतो. विंडोजच्या कळीबरोबर डावा किंवा उजवा बाण. हवी ती सापडत नसेल तर आल्ट धरून टॅब दाबा, सगळ्या समोर येतात. विंडोज आणि डी दाबलं की सगळ्या एकदम खाली जातात आणि पडदा स्वच्छ दिसतो. पण तो स्वच्छ झालेला नसतो. परत तेच दाबलं की सगळ्या जिथल्या तिथे उभ्या! आणि दोन कागद ताडून बघायचे असतील तर एकावर एक ठेवून कधीही ताडू नका. आठवणीवर विसंबून ताडलं की आपल्याला हवं तेवढंच जुळतं. माझे गट नंबर जुळले, हेक्टर-आर जुळले, आकाराचे पैसेसुद्धा जुळले, आणि सख्खी बहीण राहून गेली.

काल संध्याकाळी नातीने डोकावून पाहिलं. पडद्यावर दोनच खिडक्या होत्या. डावीकडे तो हक्कसोडपत्राचा कागद, उजवीकडे हा लेख.

"फाटा मोकळा झाला वाटतं," ती म्हणाली.

"अजून नाही," मी म्हणालो. "पण आता दिसतंय तरी कोण अडकलंय ते."

कागद मी धाकटीला पाठवला आहे. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही. वाचत असेल.